काळं की केशरी

मार्च लागला की आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात दहावीच्या मुली अभ्यासाला येऊन बसतात. घरात टीव्ही, गच्चीवर ऊन, म्हणून जिना. यंदा वरच्या मजल्यावरची तन्वी आणि तिची मैत्रीण माझ्याच दाराशी ठाण मांडून आहेत. दोघींच्या मधे भूमितीचं पुस्तक, चिवड्याची पुडी आणि कोल्ड्रिंकची प्लॅस्टिकची मोठी बाटली. एक घोट हिचा, एक घोट तिचा. बाटलीचं तोंड पुसायचीही तसदी नाही. काल मी भाजी घेऊन वर आले तर दोघींची जुंपलेली. तन्वीला काळं आवडतं, मैत्रिणीला केशरी, आणि आज आणायची पाळी तन्वीची होती म्हणून मैत्रीण फुगून बसलेली.

"काकू, तुम्हीच सांगा की. काळं चांगलं का केशरी?"

"मला दोन्ही चालत नाहीत," म्हणत मी किल्ली शोधायच्या निमित्तानं पर्समध्ये तोंड घातलं.

"शुगर हाय काय हो?"

शुगर नाही. डॉक्टरांनी काही बंद केलेलं नाही. एके काळी याच पेयासाठी मी वर्गात भांडले आहे, वहीची पानं भरली आहेत, पुढे इंटरनेटवर जाहीर सभा घेतल्यासारखी लिहीत सुटले आहे. पण गेल्या आठवड्यात सुजाताच्या घरून आल्यापासून मला बाटलीकडे बघवत नाही. घरात आले, भाजीची पिशवी ओट्यावर टाकली आणि तशीच खुर्चीत बसून राहिले. बाहेर त्या दोघींचं भांडण मिटलं होतं आणि पायथागोरस सुरू झाला होता.

आमचा मार्च नव्वदच्या दशकातल्या मधल्या एका वर्षातला, नववीतला. टीव्हीवर क्रिकेटपेक्षा थंड पेयांच्या जाहिराती जास्त लागायच्या. आमच्या वर्गात कुणी त्यांची कंपनीची नावं घेत नसे. एक काळं आणि एक केशरी, एवढंच. कोल्हापुरात पेठापेठांची फुटबॉलवरून भांडणं, तालमी-तालमींची गणपतीवरून भांडणं. आम्हा मुलींच्या वाट्याला यातलं काहीच यायचं नाही, म्हणून आम्ही थंड्यावरून भांडायचो. कोल्ड्रिंकला आमच्याकडे थंडाच म्हणतात. पाहुण्याला चहा दिला तर तो नेहमीचा पाहुणा, थंडा मागवला तर मानाचा.

सुजाता माझ्या बाकावरची. बारीक, उंच, दोन वेण्या, आणि गणितात अशी की सर फळ्यावर चुकले तर ही मान खाली घालून वहीत बरोबर उत्तर लिहून ठेवायची. माझं गणित म्हणजे आनंदीआनंद. फेब्रुवारीच्या चाचणीत कशीबशी काठावर पास झाले, तेव्हा तीच म्हणाली, "माझ्या घरी येत जा की गं. मी शिकवतो तुला." आमच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' असंच म्हणतात. बाहेरच्यांना हसू येतं, आम्हाला त्यात काही वाटत नाही.

तिचं घर सदर बाजारच्या अलीकडच्या एका गल्लीत. आमचं राजारामपुरीत. दुपारी तीनला सायकल काढायची. डांबर मऊ झालेलं असायचं, चाकाला चर्र आवाज यायचा. वाटेत रसवंतीच्या चाकाची घुंगरं वाजायची. तिच्या गल्लीत शिरलं की एका अंगणातल्या कडुलिंबाखाली फुलांचा पांढरा सडा पडलेला असे, आणि त्याचा कडवट गोड वास. तिचे वडील एमआयडीसीत पाळीवर जायचे. मोठा भाऊ मिलिंद कॉलेजात. आई सरकारी दवाखान्यात सिस्टर. मी त्यांना मावशी म्हणायची.

दोन खोल्यांचं ते घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी. स्वयंपाकघराच्या दाराशी तिवईवर लाल माठ, त्यावर पांढरं स्वच्छ फडकं, फडक्यावर घासून लख्ख केलेला तांब्या. मावशी सिस्टर होत्या, त्यामुळे पाणी उकळून, दुहेरी कापडातून गाळून, निववून मगच माठात भरायच्या. त्या दिवसांत आमच्या घरी नळाचं पाणी आलं तसं पिंपात आणि पिंपातून तोंडात. कोल्हापुरातल्या माझ्या ओळखीच्या सगळ्या घरांत सगळ्यात चांगलं पाणी त्या माठात होतं, हे मी शपथेवर सांगेन. मात्र त्याची चव कशी होती, ते विचारू नका.

आता जे सांगायचं ते सांगून टाकते. सुजाताचं घर बौद्ध. आमचं मराठ्याचं, हातकणंगल्याकडची शेती सोडून वडील नोकरीसाठी शहरात आलेले. मी पहिल्यांदा अभ्यासाला निघाले त्या दुपारी आई माझी वेणी घालत होती. तिनं माझं डोकं पुढं ढकललं, पेड आवळला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "जा. हुशार पोरगी हाय, शिक तिच्याकडनं. पण तिथं चहा-पाणी नको घेऊस. काय घे म्हणालीच तिची आई, तर थंडा घे. बंद बाटलीला काय हुतंय. ती कंपनीतनं येती."

ना राग, ना तिरस्कार. छत्री घेऊन जा, म्हणावं तसं. आणि मी 'बरं' म्हटलं. आई, असं का, असं मी विचारलं नाही. मला कळलं नव्हतं असं आज लिहिता येईल, पंधरा वर्षांच्या पोरीला काय कळतंय, असंही म्हणता येईल. मला कळलं होतं. वेणीला रिबीन बांधून होईपर्यंत सगळं कळलं होतं.

पहिल्या दिवशी मी घामाघूम होऊन पोचले. मावशींनी दारातच माझं दप्तर घेतलं, "किती लाल झालीस गं पोरी" म्हणाल्या आणि माठावरचा तांब्या उचलला. मी म्हणाले, "पाणी नको मावशी."

"मग चहा टाकतो."

"चहा न्हाय घेत मी." आणि मग, जीभ जराही न अडखळता, "थंडा असला तर चालंल."

तांब्या हातात धरून मावशी क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मला आठवतं, पंख्याची एक पाती वाकडी होती आणि ती टक टक वाजत होती. तेवढ्यात सुजाता आतून ओरडत आली, "कुठला थंडा? काळा का केशरी?"

"काळा."

"शी! काढ्यासारखं लागतंय ते. आई, मला केशरी. मी केशरीच घेतो."

"काढा तुझा तू पी. केशरी म्हणजे नुसतं शाईचं पाणी."

मावशी हसल्या. तांब्या परत फडक्यावर ठेवला. आम्ही दोघी सायकलवरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो आणि दोन बाटल्या घेऊन आलो, भांडत. मावशींनी ओपनर आणला. "ग्लासात ओतू?" त्यांनी विचारलं. "नको, बाटलीतच बरं." मग त्यांनी माझ्या समोर, मला दिसेल असं, बूच उडवलं. त्या दिवसापासून शेवटपर्यंत माझी बाटली त्यांनी कधी आतून उघडून आणली नाही. हे माझ्या लक्षात यायला दहा-बारा वर्षं लागली.

आणि मग जी मजा सुरू झाली! खोटं कशाला बोलू, त्या उन्हाळ्यासारखी मजा मी पुन्हा केली नाही. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर आम्ही तक्ता आखला. एकीकडे काळं, एकीकडे केशरी. जाहिरातीत कोण चांगलं दिसतं, उचकी कुणानं जास्त येते, ढेकर कुणाचा मोठा, बूच कुणाचं लांब उडतं, सगळ्याला गुण. सुजातानं एक प्रमेय लिहिलं होतं. पक्ष: राजश्री काळं पिते. साध्य: राजश्रीला अक्कल नाही. सिद्धता चार ओळींची, शेवटी चौकोन काढून 'हेच सिद्ध करायचे होते'. मी वही तिच्या डोक्यात घातली. वर्गात दोन तट पडले. डबा खाताना काळेवाल्या एका बाजूला, केशरीवाल्या एका बाजूला. मराठीच्या बाईंनी निबंधाला 'माझा आवडता ऋतू' दिला, तर निम्म्या वर्गानं उन्हाळा लिहिला आणि उन्हाळ्यात थंडा आणला. बाईंनी सगळ्यांना उभं केलं.

मे महिन्यात वार्षिकचा निकाल लागला, मला गणितात चौऱ्याऐंशी पडले. पेढे घेऊन मी आधी सुजाताकडे गेले. मावशींनी पेढा घेतला, निम्मा मोडून माझ्या तोंडात घालायला हात पुढे केला, आणि मधेच थांबून तो निम्मा पेढा माझ्या तळहातावर ठेवला. मी तो खाल्ला. आमच्याच घरून आणलेला पेढा होता.

त्याच मे महिन्यात मला कावीळ झाली. आमच्याच नळाच्या पाण्यानं. वळवाचा पाऊस पडून गेला होता, पाणी गढूळ येत होतं, गल्लीत चार घरांत कावीळ होती. डोळे पिवळे, लघवी पिवळी, तोंडाला चव नाही. चौथ्या दिवशी मावशी ड्यूटीवरून थेट मला बघायला आल्या, सिस्टरच्या पांढऱ्या साडीत. माझ्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, पोट दाबून बघितलं, आईला सांगितलं, "वैनी, पाणी उकळत जावा. निदान वीस मिनिटं तरी. गाळून घेत जावा." आई मान डोलवत होती. मग आई लगबगीनं म्हणाली, "सिस्टर, बसा की. थंडा मागवतो."

कोपऱ्यावरून बाटली आली. आईनं ती उघडून स्ट्रॉ घालून मावशींच्या हातात दिली. मी गादीवर पडल्या पडल्या बघत होते. काळं होतं! मी त्या पिवळ्या डोळ्यांनी हसले आणि म्हणाले, "मावशी, सुजाला सांगा हं, तुम्ही आमच्या पार्टीत आला." मावशीही हसल्या. सगळी बाटली संपवली. "छान गार हाय," म्हणाल्या. आईनं रिकामी बाटली उंबऱ्याच्या बाहेर ठेवली, संध्याकाळी ती दुकानात परत गेली. आमच्या घरातलं एकही भांडं त्या दिवशी विसळावं लागलं नाही. मानाचा थंडा देऊन आईनं पाहुणचार केला होता आणि पाळायचं तेही पाळलं होतं. एकाच बाटलीत दोन्ही कामं. त्या घरात मी काय करत होते ते मला माझ्याच घरात कुणीतरी करून दाखवलं, आणि मला फक्त एवढंच दिसलं की काळं जिंकलं.

पुढची वर्षं भराभर गेली. बारावीपर्यंत अभ्यास तिच्याकडेच. तिनं इंजिनिअरिंग केलं, मी बी.कॉम. ती पुण्याला नोकरीला लागली, माझं लग्न होऊन मी कोल्हापुरातच राहिले. तिची पत्रं यायची, शेवटी सहीच्या जागी केशरी स्केचपेनचा ठिपका. मी उत्तरात काळा ठिपका काढायची. ती सुट्टीला आली की मी तिच्या घरी जायची, मावशी मला बघून आनंदायच्या, सुजाता कोपऱ्यावर जायची. एव्हाना मी मोठी झाले होते. कुणाला घाबरायचं कारण नव्हतं, आईही जवळ नव्हती. पाणी मागायला एक शब्द पुरला असता. पण सवय अशी असते की ती सोयही होऊन बसते. आपली ओळखच 'थंडा पिणारी राजश्री' अशी झाली होती, मी तीच चालवत राहिले.

मग इंटरनेट आलं. आधी सायबर कॅफेत, पडदा लावलेल्या खोक्यात बसून, मग घरी. शाळेतल्या सगळ्या मुली एका साइटवर सापडल्या. कुणी नागपूरला, कुणी दुबईला, एक चंदगडला बँकेत. आम्ही बॅचचा ग्रुप काढला आणि पहिल्याच आठवड्यात मी मतदान लावलं: काळं की केशरी? धमाल उडाली. ज्यांना पोरं झाली होती, कंबरदुखी झाली होती, त्या पुन्हा तट पाडून भांडायला लागल्या. सुजाता पुण्यातून दिवसाला दहा-दहा टोमणे पाठवायची. तिनं ते प्रमेय आठवून जसंच्या तसं टाकलं, चौकोनासकट. नवरा म्हणायचा, "जेवायला वाढ, मग देश वाचव."

मतदानात केशरी पुढे जायला लागलं आणि माझा तोल सुटला. उचललं बोट लावलं कीबोर्डला. मी एक भलीमोठी पोस्ट लिहिली. त्यात तो मार्च लिहिला, सायकल, पंखा, वहीचा तक्ता, सगळं. आणि शेवटी ठासून लिहिलं: 'निष्ठा म्हणजे काय ते माझ्याकडून शिका. सुजाताच्या घरी मी इतकी वर्षं गेले, पण काळ्याशिवाय कशाला तोंड लावलं नाही. केशरी सोडाच, पाण्याचा थेंबसुद्धा घेतला नाही!'

हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. जय हो, वाघीण, काळ्यांची राणी. मी खुशीत दर पाच मिनिटांनी बघत होते. मग चंदगडच्या विद्यानं लिहिलं. विद्या शाळेतही साधीच होती, तिला टोमणा मारता येत नसे. तिनं फक्त विचारलं, 'पाणीसुद्धा नाही? का गं? आणि चहा?'

मी ते वाचलं, पुन्हा वाचलं. गॅसवर आमटी उतू चालली होती, ती मला दिसत होती आणि उठता येत नव्हतं. माझी मीच चव्हाट्यावर उभी राहून, ढोल बडवून, सगळ्या वर्गाला सांगितलं होतं. आणि तो वर्ग तिचाही होता.

सुजाताचे टोमणे थांबले. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ग्रुपवर एक ओळ टाकली: 'विद्या, तिला चहानं पित्त होतं गं. राजी, तुझी निष्ठा मान्य, पण मत केशरीलाच.' सगळ्या पुन्हा हसल्या. आणि त्याच वेळी मला तिची वेगळी मेल आली. तेव्हा आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो. ती मेल मला पाठ आहे.

'राजी, रागावलेलो नाही. पण तूच लिहिलंस म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी तू पाणी नको म्हणालीस तेव्हाच मला समजलं होतं. आमच्यात हे ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही. आई तांब्या धरून उभी होती. मला वाटलं, हिला आता कळणार, आणि ही पुन्हा तुला घरात घेणार नाही, किंवा घेईल आणि मनात झुरेल. म्हणून मी ओरडत आलो. भांडण लागलं की सगळं चवीवर जातं. तू काळं म्हणालीस म्हणून मी केशरी म्हणालो. तू केशरी म्हणाली असतीस तर मी काळं म्हणालो असतो. मला केशरी कधीच आवडलं नाही. नुसतं गोड, जिभेला रंग लागतो. पण पित राहिलो. आईला अजून वाटतं की तुला थंड्याचं वेड हाय. तसंच राहू दे. ती पोस्ट तेवढी काढ. मिलिंददादाच्या कॉम्प्युटरवर आई सगळं वाचती आता.'

पोस्ट मी काढली. त्याला एक क्षण लागतो.

उत्तर लिहायला बसले. 'माफ कर' लिहून खोडलं. 'तेव्हा मी लहान होते' लिहून खोडलं. आईला फोन केला. तिला सगळं सांगितलं, रडले. ती म्हणाली, "मी कुठं काय वंगाळ बोललो गं त्यांना? थंडाच दिला की." तिला खरंच कळत नव्हतं. मला तिचा राग आला, आणि तो राग मला फार सोयीचा वाटला, म्हणून मी तो सोडून दिला. वेणी तिनं घातली होती, तोंड माझं होतं.

शेवटी मी सुजाताला एवढंच लिहिलं: 'मी येऊन मावशींच्या माठातलं पाणी पिणार.' तिचं उत्तर आलं: 'आता एकदम पाणी मागितलंस तर तिला कळेल की आधी का मागत नव्हतीस. राहू दे.'

मी राहू दिलं. ती म्हणाली म्हणून, असं मी स्वतःला सांगत आले. तीन वर्षं मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. गेले तर पाणी प्यावं लागेल, प्याले तर मावशींना कळेल, न पिता परत आले तर माझं मला कळेल. यातली शेवटची भीती सगळ्यात मोठी होती. मावशींचे फोन यायचे. "राजश्री, यायला काय झालं गं? थंडा पाजतो की, ये." मी म्हणायची, येते मावशी, मुलाची परीक्षा झाली की येते. परीक्षा होत राहिल्या. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

या फेब्रुवारीच्या अखेरीस मावशी गेल्या. झोपेत, कुणाला त्रास न देता, सिस्टर माणूस जावं तशा. अंत्यविधीला मी मागं उभी राहिले. गेल्या आठवड्यात जलदान विधी होता. बौद्ध घरांत माणूस गेल्यावर काही दिवसांनी हा विधी करतात, सगळे पांढरे कपडे घालून येतात, वंदना होते, मग जेवण. सुजाता पुण्याहून येऊन राहिली होती. तिच्या शेजारी सतरंजीवर बसले. तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. समोर मावशींचा फोटो, सिस्टरच्या साडीतला. मेणबत्त्यांच्या पलीकडे स्वयंपाकघराचं दार, दाराशी तिवई, तिवईवर तोच माठ. फडकं धुतलेलं, तांब्या लख्ख. आता तो मिलिंदची बायको घासत असणार.

वंदना झाली. एका लहान भांड्यातून पाणी ओतलं गेलं, थेंब थेंब, सगळे हात जोडून बसलेले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. सुजाता पाठीवर थोपटत होती. म्हणजे तिची आई गेलेली आणि सांत्वन माझं चाललेलं. तेवढ्यात मिलिंदची बायको, शीतलवहिनी, आतून आली. माझी तिची फारशी ओळख नव्हती. तिच्या हातात बाजारातली बंद पाण्याची बाटली होती, सील न फोडलेली, बाहेरून गार, घाम आलेली.

"घ्या ताई," ती म्हणाली. "तुमच्यासाठी आणून ठेवली हाय. आईंनी सांगून ठेवलेलं मला, लग्न होऊन आलो तेव्हापासनं. राजश्रीताई आल्या की बंद बाटली आणायची. त्यास्नी बाहेरचं पाणी बाधतं, पोट नाजूक हाय त्यांचं. ताई, फ्रिजमधी थंडा पण हाय, काळा. आणू?"

पाठीवर थोपटणारा सुजाताचा हात थांबला. मी तिच्याकडे बघितलं. ती फोटोकडे बघत होती. इतकी वर्षं तिनं आवडत नसलेलं केशरी प्यायलं होतं, आईला कळू नये म्हणून. आणि आईनं, लेकीला कळू नये म्हणून, माझ्या पोटाला आजार लावून ठेवला होता. दोघी एकमेकींपासून मला झाकत राहिल्या. आणि मी ते झाकण घट्ट बसलंय ना, एवढंच बघत राहिले.

शीतलवहिनी बाटली पुढं धरून उभी होती. पहिल्या दिवशी मावशी तांब्या धरून उभ्या होत्या तिथंच, पंख्याखाली.

मी उठले. "वहिनी, माठातलं घेतो मी," म्हटलं. चार बायका वळून बघायला लागल्या.

"अहो ताई, बाधंल की! आईंनी बजावलंय..."

"पिऊ दे तिला," सुजाता मागून म्हणाली. फोटोवरून नजर न हलवता.

मी फडकं बाजूला केलं. तांब्या बुडवला. तांब्यालाच तोंड लावलं, वरून ओतलं नाही. पाणी उकळलेलं, गाळलेलं, गार होतं. सगळा तांब्या संपवला. तो खाली ठेवला तेव्हा वहिनी काळजीनं माझ्याकडे बघत होती, बाधतंय की काय म्हणून. बघायला हवं होतं ते माणूस घरात नव्हतं.